आयकतस का?

ज्यांचा विश्वास बसणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावं. मी कोणाच्या पाया पडायला आलेली नाही.

पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तिनं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलंय, आणि शेवटचं जे आहे ते तर माझ्या डोळ्यांदेखत झालंय. माझ्या पदरचं यात एक अक्षर नाही.

आणि आधीच सांगते, यात अमावास्या नाही. पिंपळ नाही. रात्रीचे बारा वाजलेले नाहीत. दुपार होती, लख्ख ऊन होतं, आजूबाजूला फोटो काढणारी माणसं होती. भुतं अंधाराचीच वाट बघतात हे तुम्हाला कोणी सांगितलं?

साल १९८९. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. ठिकाण अंदमानातलं एक छोटं बेट. बेटाचं नाव लिहीत नाही. लोक अजूनही तिथे बायकापोरांना घेऊन जातात, उगाच कोणाच्या मनात किडा नको.

मावशीचं नाव मंजुळा. माहेर धुळ्याजवळच्या खेड्यातलं, त्यामुळे जिभेवर पक्की अहिराणी. तिचे यजमान भाईदास महाजन. मूळचे एरंडोलचे, पण भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात इंजिनिअर झाले आणि आपण खेड्यातून आलो हेच विसरले. कॉलनीत क्वार्टर, दारात स्कूटर, बोलणं एकदम पुस्तकी. मी त्यांना काका म्हणायची.

काका वाईट नव्हते. मावशीच म्हणायची, "वाईट नव्हता गं माणूस. कडू होता." तिचं मूल पोटातच गेलं तेव्हा दवाखान्यात तीन दिवस तिच्या उशाशी बसून होते. पण नंतर बारा वर्षांत त्याबद्दल एक शब्द नाही. सासूनं घालून पाडून बोलावं, यांनी पेपर वाचावा.

एका गोष्टीवर मात्र बोलायचे. तिच्या बोलण्यावर.

"शे-फे बोलायचं नाही कॉलनीत. आहे म्हण. माणसासारखं बोल."

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं की झालं. पुढे जन्मभर हाक मारायची ती "आयकतस का?" म्हणजे, ऐकता का? पण काकांना तेही चालायचं नाही. "अहो म्हण," म्हणायचे. बिचारी अहो म्हणायला शिकली. सतरा वर्षं अहो, अहो, अहो.

त्या वर्षी काकांना प्रवासाची सवलत मिळाली. सगळे महाबळेश्वर, काश्मीर करून आले होते. काकांना असं काही करायचं होतं की कॉलनी बघत राहिली पाहिजे. मग ठरलं, अंदमान. जाताना मद्रासहून विमान, सहा दिवस या बेटावरून त्या बेटावर, आणि परतताना तीन दिवस समुद्रातून मोठ्या बोटीनं. सोबतीला त्यांच्याच खात्यातले नासीरभाई शेख आणि त्यांच्या बायको जरीनाभाभी.

मावशीनं तोवर तापीपलीकडे पाणी बघितलं नव्हतं.

पहिले चार दिवस तिला वेड लागायचं बाकी होतं. एका बेटावर पोवळी, दुसऱ्यावर पांढरी शुभ्र वाळू. काचेच्या तळाच्या होडीतून मासे बघताना ती लहान पोरीसारखी ओरडली, "माय वं! बठ्ठं निळंच निळं शे!" सगळं निळंच निळं.

होडीत मुंबईची दोन जोडपी होती. ती हसली. तशी वाईट हसली नाहीत, पण हसली.

काका हसले नाहीत.

त्या दिवशी गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. मावशीला ती चुप्पी चांगली ओळखीची होती. तव्यावर हात ठेवल्यासारखं वाटायचं म्हणे, कधी चटका बसेल ते नक्की नसायचं.

सहाव्या दिवशी ते त्या छोट्या बेटावर गेले.

ते बेट म्हणजे इंग्रजांच्या काळातली पडकी वस्ती. पडकं चर्च, पडके बंगले, आणि भिंतींवर झाडांची मुळं अशी चढलेली की भिंत कुठली आणि झाड कुठलं ते कळू नये. इंग्रजांनी कैद्यांच्या हातून हे सगळं बांधून घेतलं, असं होडीवाला सांगत होता. बेड्या घातलेल्या कैद्यांच्या हातून. किती मेले त्याची गणती नाही. कोण कुठल्या मुलखाचे, नाव काय, काही पत्ता नाही.

धक्क्यावर उतरताना एक माणूस वहीत आडनाव आणि माणसं लिहून घेत होता. महाजन, दोन. शेख, दोन. तीनला शेवटची होडी, उशीर करू नका, असं बजावून त्यानं सोडलं.

नासीरभाई आणि भाभी हरणं बघायला पुढे गेले. मावशी आणि काका चर्चमागे एकटेच राहिले.

आणि चटका बसला.

"लाज आणलीस," काका म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवायचे नाहीतच. "विमानानं आणलं तुला, पण तू शेणातली ती शेणातलीच. त्या लोकांसमोर मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं."

मावशी म्हणाली, "अहो, चुकून तोंडून गेलं."

"मग तोंडच उघडू नकोस. मला हाकही मारू नकोस. समजलं?"

एवढं बोलून ते मुळांमधल्या एका कमानीतून पलीकडे निघून गेले. पांढरा हाफ शर्ट, डोळ्याला गॉगल, पायात पॉलिश केलेले बूट. मावशीनं त्यांची पाठ बघितली.

ती म्हणायची, मी त्या पाठीला काय काय बोलले मनातल्या मनात, ते देवालाच माहीत.

अर्धा तास गेला. तास गेला.

पक्षी ओरडत होते, ते हळूहळू थांबले.

लाटांचा आवाज येत होता... तोही जणू लांब गेला.

पावणेतीनला धक्क्यावर भोंगा वाजला. मावशी उठली. कमानीतून पलीकडे गेली. पलीकडे नुसती मुळं, पडकी भिंत आणि एक कोरडं टाकं. माणूस नाही.

"अहो!"

काही नाही.

"अहो! होडी निघाली!"

काही नाही.

"अहो!!"

तिसऱ्यांदा हाक मारली आणि तिचं काळीज हललं. परका मुलूख, चहूबाजूंनी पाणी, हातात पैसा नाही, तिकिटं सगळी खोलीवरच्या त्यांच्या बॅगेत. घाबरल्यावर माणसाच्या तोंडून आईचीच भाषा निघते. तिच्याही निघाली. सतरा वर्षं दाबून ठेवलेली हाक तिनं जीव खाऊन मारली...

"आयकतस का? ओ, आयकतस का?"



मग मुळांच्या आतून... अगदी जवळून... आवाज आला.

"आयकस वं. आयकस. उनू."

ऐकतोय गं. आलो.

आता मला सांगा, तुम्ही काय समजला असतात? मावशीला वाटलं, माणूस वरमला. राग गेला. समजूत काढायची म्हणून मुद्दाम तिच्या भाषेत बोलतोय. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. खुळी कुठली.

आणि काका आले. तोच पांढरा शर्ट, तोच चेहरा. गॉगल नव्हता. पाय अनवाणी.

"बूट कोठे शेतस?" तिनं विचारलं.

"लागतस," ते म्हणाले. बूट टोचतात.

आणि चालायला लागले. मावशी पुढे, ते मागे. तिला घाई होती, पण त्यांचं पाऊलच मोठं पडेना. दोन पायांमध्ये वीतभर अंतर, तेवढंच. एक टाकायचं, दुसरं घासत जवळ आणायचं. तिनं मागे वळून बघितलं. ते तिच्याकडे बघून हसले.

सतरा वर्षांत काका तिच्याकडे बघून असे हसले नव्हते.

ती त्यांच्या पायांकडे बघत राहिली. पण भोंगा पुन्हा वाजला आणि ती धक्क्याकडे पळाली.

वहीवाल्यानं मोजलं. महाजन, दोन. शेख, दोन. खूण केली. होडी सुटली. माणसं पूर्ण भरली होती, मग शोधणार कोण आणि कोणाला?

होडी शंभरएक हात गेली असेल.

आणि किनाऱ्यावरून हाक आली.

"मंजुळा! ए मंजुळा!"

तोच आवाज. चिडका. पुस्तकी. "कुठे निघालीस? थांबव ती होडी! मंजुळा!"

मावशीनं होडीची कड घट्ट धरली. कारण काका तिच्या शेजारी बसले होते. मांडीला मांडी लावून.

जरीनाभाभी चमकल्या. "कोई चिल्लाया क्या?"

"मोर असेल," नासीरभाई म्हणाले.

मावशीनं शेजारी बघितलं. शेजारचा माणूस तिच्याचकडे बघत होता. त्याचे ओठ थरथरत होते. त्यानं नुसती हळूच मान हलवली. नको. वळू नको.

इथे सांगताना मावशी थांबली होती. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "पोरी, मला कळलं होतं. पूर्ण कळलं होतं. मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं, होडी वळवा, माझं माणूस मागं राहिलं."

"मग म्हणाली का नाहीस?"

"तो मला म्हटला होता ना, तोंड उघडू नको म्हणून. मी नाही उघडलं."

ती वळली नाही. हाक लहान होत गेली. मग लाटांत गेली.

दुसऱ्या दिवशी मोठी बोट. चार मजली, पांढरी, वर डेक, खाली केबिनी, जेवायला वेगळा हॉल. काकांनी वर्षभर जिच्या गप्पा मारल्या ती ही बोट. मावशी तिच्यावर कैद्यासारखी चढली.

आणि तो... तो पळत चढला. म्हणजे त्या वीतभर पावलांनी जेवढं पळता येईल तेवढं.

बोट सुटण्याआधी डेकवर सगळ्यांना उभं करून नावं पुकारली.

"भाईदास महाजन!"

कोणी ओ दिली नाही.

"भाईदास महाजन!"

नासीरभाईंनी कोपरानं ढोसलं. "अहो महाजनसाब, कुठे लक्ष आहे?" तो बघतोय दुसरीकडेच. दुसऱ्या कोणाला तरी पुकारताहेत असा चेहरा. शेवटी मावशी खालच्या आवाजात म्हणाली, "आयकतस का..."

"ओ!" तो लगेच म्हणाला. खणखणीत.

बोट हलली. बेटं मागे पडायला लागली. सगळे प्रवासी हात हलवत होते. हा कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. शेवटचा हिरवा ठिपका दिसेनासा झाला, तसा तो खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. रडता रडता हसायलाही लागला.

"सुटनू," म्हणाला. "सुटनू वं, सुटनू."

जरीनाभाभींनी मावशीला बाजूला घेतलं. "मंजुळाभाभी, भाईसाब के पैर में कुछ हुआ है क्या? और ये कौनसी बोली बोल रहे हैं?"

"ऊन लागलंय," मावशी म्हणाली.

ऊन लागलंय. पुढे आठ वर्षं हेच सांगत राहिली ती.

तीन दिवस समुद्र. दोघांची एक केबिन. पहिल्या दिवशी मावशी दार उघडं टाकून बाहेर बाकड्यावरच बसून राहिली. तो तिच्याजवळ आला नाही. लांब जमिनीवर उकिडवा बसायचा, दोन्ही घोटे एकमेकांना चिकटवून. तिला उलट्या सुरू झाल्या तशी मात्र उठला. तिचं डोकं धरलं. तोंड पुसलं. ते सगळं आपल्या हातानं साफ केलं. आणि विचारलं, "जास्ती तरास होई राहिना का?"

फार त्रास होतोय का, एवढंच.

मावशी सांगायची, असं मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं गं. ना माहेरी, ना सासरी.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मनाशी पक्कं केलं. मद्रास यायच्या आत काय तो निकाल लावायचा. एकच उपाय तिला सुचत होता. नुसत्या हाकेनं हा आला, तर नाव घेऊन हाक मारली की ज्याचं नाव आहे तोच येईल. नवऱ्याचं नाव घेणं पाप, तर पाप. घ्यायचं.

आठ वाजले असतील. डेकवर ऊन पडलं होतं. ती बोटीच्या मागच्या टोकाला गेली. तिथून पाण्यावर फेसाचा पट्टा दिसत होता, पार क्षितिजापर्यंत, जिथून ते आले होते तिकडे. तिनं तोंडाशी दोन्ही हात धरले...

"भाईदास!"

वारा पडला.

इंजिनाची घरघर तिला ऐकू येईनाशी झाली.

आणि पाण्यावरून... त्या फेसाच्या पट्ट्यावरून... आवाज आला.

"मंजुळा. मी इथेच आहे."

चिडका नव्हता. घाबरलेला होता. "मी इथेच आहे, मंजुळा. इथे कोणीच नाही. मला ने."

बारा वर्षं जो माणूस एक मायेचा शब्द बोलला नाही, तो विनवत होता.

ती दुसरी हाक मारणार, तेवढ्यात मागे पावलं घासत आली. तो उभा होता. दोन्ही हातांत चहाचे ग्लास. तिच्यासाठी हॉलमधून चहा घेऊन आला होता. हात इतके कापत होते की उकळता चहा बोटांवरून ओघळत होता. त्याला भाजत नव्हतं.

"नाव नको लेऊ वं," तो म्हणाला. "नाव लिसी तर माले माघारे जानं पडी."

नाव घेतलंस तर मला परत जावं लागेल.

पाण्यावरून हाक येतच होती. मंजुळा. मंजुळा.

तिनं हात पुढे केला. चहाचा ग्लास घेतला. आणि प्यायली.

"एका चहापायी मी नवरा टाकला, पोरी," मावशी मला म्हणाली. रडली नाही. नुसतं म्हणाली.

दीपनगरला परत आल्यावर कॉलनीनं काय म्हणावं? महाजनसाहेब सुधारले! बायकोला पाणी भरू लागतात, मटार सोलू लागतात, बाजारातून पिशवी उचलून आणतात. शेजारणी जळायच्या. म्हणायच्या, आमच्यांनाही पाठवा बाई अंदमानला.

कामावर मात्र सगळंच विसरले होते. बॉयलरचा आवाज झाला की कान झाकून बसायचे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. मेंदूला ऊन लागलं असं ठरलं. नासीरभाईंनी खटपट करून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. नावानं हाक मारली की ते कधीच ओ द्यायचे नाहीत. लोकांना वाटायचं, बहिरे झाले.

आणि मावशी? तिला सुख लागलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. रोज दुपारी पावणेतीन वाजले की ती हातातलं काम टाकून न्हाणीघरात जायची, नळ पूर्ण सोडायची आणि उभी राहायची. पाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून. आठ वर्षं. मी समजायची, मावशीला स्वच्छतेचं वेड आहे.

परत आल्यावरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला आमच्या खानदेशात गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. मातीची नवी घागर, आत पाणी, वर डांगर म्हणजे खरबूज आणि आंबा, पुढे सांजोरीचा नैवेद्य. ज्याची घागर भरली नाही तो तहानेला राहतो, असं मानतात. मावशीनं सासऱ्यांची भरली. सासूची भरली, ती आदल्याच वर्षी गेली होती.

मग घरात कोणी नाही असं बघून तिनं तिसरी भरली.

कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि नवऱ्याची घागर. विचार करा.

वर डांगर ठेवताना मागे पावलं घासल्याचा आवाज आला. तो दारात उभा होता. बराच वेळ तिन्ही घागरींकडे बघत राहिला.

"ही त्यानी का?" त्यानं विचारलं. ही त्याची का?

मावशीनं मान हलवली. तिला वाटलं, आता संपलं. आता हा आपला गळा धरणार.

तो खाली बसला. घोटे जुळवून.

"एक आखो भर," तो म्हणाला. "मनी. माले भरनारं कोनीच नही."

आणखी एक भर. माझी. मला भरणारं कोणीच नाही.

ती मग उठली. माठाखालची जुनी घागर घासून आणली. पाणी भरलं. हात जोडायच्या वेळी विचारलं, "कोना नावनी भरू?"

तो आठवायला लागला. ओठ हलत होते. कपाळावर घाम आला. एक अक्षर तोंडाशी यायचं, जायचं.

"याद नही," म्हणाला शेवटी. आणि पोरासारखा रडला.

तेव्हापासून दरवर्षी चार घागरी. चौथी बिननावाची.

जून १९९७ मध्ये मावशीला पोटाचं दुखणं लागलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, धुळ्याला शिवणक्लास चालवायची. शेवटचे पंधरा दिवस मी तिच्याजवळ दीपनगरलाच होते. वर लिहिलं ते सगळं तिनं मला तेव्हा सांगितलं, दुपारी, नळ सोडून.

सांगून झाल्यावर म्हणाली, "मी गेल्यावर याला कोणी हाक मारणार नाही. तू मारशील का?"

मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं?

ती एका मंगळवारी सकाळी दहाला गेली.

माणसं जमली. तो तिच्या उशाशी उकिडवा बसला होता. शेवटचं पाणी नवऱ्यानं तोंडात घालायचं असतं. मोठे मामा म्हणाले, "भाईदासराव, उठा." नाही उठला. नासीरभाई डोळे पुसत आले. "महाजनसाब, चला, भाभींना पाणी द्या." हलला नाही. कोणी दादा म्हटलं, कोणी काका म्हटलं, कोणी खांदा धरून हलवलं.

तो फक्त मावशीच्या ओठांकडे बघत होता. ते आता हलतील म्हणून.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला माहीत होतं. त्या भरल्या घरात मला एकटीला माहीत होतं, काय म्हणायचं ते. दोन शब्द. सोपे.

त्यानं मान वर केली. सगळ्यांना सोडून माझ्याकडे बघितलं. मावशीनं त्यालाही सांगून ठेवलं असणार.

 मी हाक मारली तर तो उठेल, पाणी घालेल, सगळं रीतीनं होईल. पण मग तो कोणाचा? तेरावं झाल्यावर धुळ्याला माझ्यामागे कोण येईल, पाय घासत? माझं लग्न ठरलं होतं. दिवाळीनंतरची तारीख होती.

मी पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

पाणी मामांनीच घातलं. मावशीला नेलं. तो तसाच रिकाम्या जागेकडे बघत बसून राहिला. दोन दिवस. अन्न नाही, पाणी नाही. लोक म्हणाले, केवढं हे प्रेम!

तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीत कोणी नव्हतं. पोलिसांत कळवलं, पेपरात फोटो दिला, तापीच्या काठानं माणसं फिरवली. काही सापडलं नाही. आजतागायत नाही.

मावशीनं एकाला बेटावर सोडलं म्हणून मी तिला मनातल्या मनात किती नावं ठेवली होती. मी काय वेगळं केलं? त्यानं माझ्याकडे पैसा मागितला नाही, घर मागितलं नाही. एक हाक मागितली होती, आणि मी वचन दिलं होतं.

आखाजीला मी मावशीची घागर भरते, भाईदासकाकांची भरते, आणि एक बिननावाची भरते. ती भरताना मी तोंड घट्ट मिटलेलं असतं. आमच्या यांना मी नावानंच हाक मारते. सासूबाई सुरुवातीला फार बोलल्या. मी ऐकलं नाही.

गेल्या आखाजीला दुपारी मी बिननावाच्या घागरीवर डांगर ठेवत होते. हे बाहेर ओट्यावर झोपले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं.

मागे दाराशी... काहीतरी घासलं.

मग पुन्हा घासलं, थोडं जवळ.

मी वळले नाही. आवाज हळू होता, थकलेला होता. मी विसरले असेन असं वाटून आठवण करून द्यावी, तसा.

"हाक मार ना वं," तो म्हणाला. "आयकस मी."